लॉगिन स्क्रीनपाशी माउस का अडतो? एकाच कीबोर्डवरून दुसऱ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड टाकण्याबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. टेबलावर दोन कॉम्प्युटर आहेत आणि कीबोर्ड-माउसची जोडी एकच. ती पहिल्या मशीनला लावलेली आहे आणि बॅरियर हे कीबोर्ड-माउस नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला उसने देणारं सॉफ्टवेअर टाकून तुम्ही तीच दुसऱ्यावर वापरता. दुसऱ्या मशीनवर लॉगिन झालेलं असलं की सगळं सुरळीत चालतं, कर्सर कडेवरून पलीकडे जातो, टायपिंग होतं, कॉपी केलेला मजकूरही जातो. पण ते मशीन रीस्टार्ट झालं की पासवर्डच्या स्क्रीनपाशी गाडी अडते. मग दुसरा कीबोर्ड शोधायचा, जोडायचा, पासवर्ड टाकायचा आणि परत काढून ठेवायचा. या कटकटीला कंटाळून तुम्ही विचारलं आहे की दुसऱ्या मशीनचा पासवर्डच काढून टाकला तर काय बिघडेल?

पासवर्ड काढू नका. कारण पुढे सांगतो, पण आधी हे सांगायला हवं की बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही. मी लहान ऑफिसांची कॉम्प्युटरची व्यवस्था बघतो. सीएंची ऑफिसं, डीटीपीवाले, एक-दोन क्लासेस. एका माणसासमोर दोन मशीन हे दृश्य आता सगळीकडे दिसतं आणि नेमकी हीच तक्रार येते. दर वेळी उत्तर थोडं वेगळं निघतं, कारण दुसऱ्या मशीनवर विंडोज आहे, उबुंटू आहे की मॅक, ते वायफायवर आहे की केबलवर, घरचं आहे की कंपनीचं, यावर बरंच अवलंबून असतं. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी सगळ्या बाजू घेतो. तुम्हाला लागू नसलेला भाग सोडून द्या.

अडचण पासवर्डच्या आधीच सुरू झालेली असते. बॅरियर, सिनर्जी, डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप, सगळ्यांची रचना सारखीच. ज्या मशीनला खरा कीबोर्ड जोडलेला असतो ते सर्व्हर, आणि ज्याला उसना मिळतो ते क्लायंट. क्लायंटवर एक प्रोग्रॅम चालू असावा लागतो. तो नेटवर्कवरून सर्व्हरकडे जातो, तिथून ‘ही कळ दाबली, माउस इतका सरकला’ असे निरोप घेतो आणि आपल्या मशीनला खोटी कळ दाबून दाखवतो. तुम्ही लॉगिन केल्यावर हा प्रोग्रॅम तुमच्या नावाने सुरू होतो. लॉगिन स्क्रीनवर अजून ‘तुम्ही’ आत आलेलेच नसता, त्यामुळे तुमच्या नावाने काहीच चालू नसतं. दहा वाजता येणारा कारकून सकाळी सातला दार उघडायला सापडत नाही, त्याला रात्रपाळीचा रखवालदारच लागतो. आपल्याला हा प्रोग्रॅम कारकुनाच्या जागेवरून काढून रखवालदाराच्या जागी बसवायचा आहे.

त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. कुणी लॉगिन करण्याआधी प्रोग्रॅम चालू हवा. तेव्हा नेटवर्क जोडलेलं हवं. आणि लॉगिन स्क्रीनवर कळ दाबण्याची परवानगी त्या प्रोग्रॅमला हवी. मी कुठेही गेलो तरी याच तीन गोष्टी तपासतो. लोक पहिल्या गोष्टीवर तासन्‌तास घालवतात आणि दुसरी बघतही नाहीत.

दुसऱ्या मशीनवर विंडोज आहे असं धरून सुरुवात करतो, कारण तीच शक्यता जास्त. विंडोज लॉगिनची स्क्रीन तुमच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर दाखवत नाही. त्यासाठी एक वेगळा, राखीव डेस्कटॉप असतो आणि तिथे फक्त सिस्टीमच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमना प्रवेश असतो. हे मुद्दाम केलेलं आहे. कुठल्याही साध्या प्रोग्रॅमला तिथे कळा दाबता किंवा वाचता आल्या असत्या, तर पासवर्ड चोरणं सोपं झालं असतं. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून पार्श्वभूमीला चालणाऱ्या सर्व्हिसही वापरणाऱ्याच्या सेशनपासून वेगळ्या ठेवल्या जातात. म्हणून या सॉफ्टवेअरांनी दोन तुकड्यांची पद्धत घेतली आहे. एक सर्व्हिस मशीन चालू होताच सिस्टीमच्या अधिकाराने उठते, आणि समोर जी स्क्रीन असेल तिच्यासाठी ती खरं काम करणारा प्रोग्रॅम योग्य अधिकारासह सुरू करून देते.

तुमच्या मशीनवर ती सर्व्हिस आहे का, हे बघायला विंडोजच्या सर्व्हिसेसची यादी उघडा आणि त्यात बॅरियर किंवा जे वापरता त्याचं नाव शोधा. ती ‘ऑटोमॅटिक’वर आणि चालू असली पाहिजे. इन्स्टॉल न करता नुसतं फोल्डर उघडून प्रोग्रॅम चालवत असाल, तर ही सर्व्हिस नसणार आणि लॉगिन स्क्रीनवर काही होणारही नाही. अशा वेळी रीतसर इन्स्टॉल करा. मग सेटिंगमध्ये ‘एलिव्हेट’ नावाचा पर्याय दिसेल, तो ‘ऑलवेज’वर ठेवा. त्यानंतर एकदा लॉगिन केलेल्या अवस्थेत प्रोग्रॅम सुरू करून जोडणी झाल्याची खात्री करा आणि मगच रीस्टार्ट करून बघा. कुठल्या सर्व्हरकडे जायचं हे सर्व्हिसला त्या पहिल्या यशस्वी सुरुवातीतून कळतं. सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हरची ओळख पटवणारा जो लांबलचक ठसा दाखवून ‘विश्वास ठेवायचा का’ असं विचारतात, त्याला होकारही तेव्हाच देऊन ठेवा. लॉगिन स्क्रीनवर तो प्रश्न तुम्हाला दिसणार नाही आणि जोडणी मुकाट्याने नाकारली जाईल.

रीस्टार्ट न करताही अंदाज घेण्याची एक सोपी युक्ती आहे. दुसऱ्या मशीनवर उसन्या माउसने एखादा प्रोग्रॅम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. स्क्रीन अंधारून परवानगीची चौकट येते, तीही त्याच राखीव डेस्कटॉपवर. तिथे तुमचा माउस ‘येस’वर जाऊन क्लिक करू शकला, तर अधिकाराचा प्रश्न सुटलेला आहे. कर्सर गोठला, तर तो लॉगिन स्क्रीनवरही गोठणार हे नक्की. मी कुठेही गेलो की आधी हीच चाचणी करतो, कारण तीनपैकी एक गोष्ट ती मिनिटभरात निकालात काढते.

दोन्ही मशीन विंडोजची असतील तर मायक्रोसॉफ्टच्या माउस विदाउट बॉर्डर्सचाही विचार करा. हे सॉफ्टवेअर २०११ पासून वेगळं मिळत होतं, २०२३ मध्ये ते पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्याच साधनसंचात आलं. चार मशीनपर्यंत चालतं आणि फुकट आहे. त्यातही हाच मुद्दा आहे. नुसतं चालू केलं तर लॉक स्क्रीनवर चालत नाही. पॉवरटॉइज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘यूज सर्व्हिस’ हा पर्याय लावला की लॉक स्क्रीन आणि ॲडमिनच्या अधिकाराने चालणारे प्रोग्रॅम दोन्ही हाताळता येतात. तो पर्याय मुळात बंद ठेवलेला असतो, कारण सिस्टीमच्या अधिकाराने बाहेरून कळा दाबू देणं ही जोखीम आहेच. जोखीम समजून घ्या आणि मग लावा.

ऑफिसच्या मशीनवर आणखी एक अडथळा येतो. तिथे बरेचदा पासवर्डच्या आधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबावं लागतं. या तीन कळा तुम्ही सर्व्हरच्या कीबोर्डवर दाबल्या, तर त्या पहिलं मशीनच पकडतं, पलीकडे जातच नाहीत. ही विंडोजची जुनी सुरक्षाव्यवस्था आहे. कुणी खोटी लॉगिन स्क्रीन उभी केली तरी या तीन कळा तिच्या हाती लागू नयेत म्हणून विंडोजचा गाभाच त्या थेट घेतो. सिनर्जीच्या घराण्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय आहे. कर्सर दुसऱ्या मशीनवर नेऊन कंट्रोल-ऑल्ट-पॉज दाबायचं, म्हणजे पलीकडे ते कंट्रोल-ऑल्ट-डिलीट म्हणून पोचतं. तरीही काही झालं नाही, तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या यादीत, विंडोज लॉगऑनच्या भागात सॉफ्टवेअरने ही तिकडी पाठवावी की नाही याची एक सेटिंग असते. ती सर्व्हिसेससाठी चालू करावी लागते. मशीन स्वतःचं असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे ‘नेटप्लविझ’ (netplwiz) ही आज्ञा चालवून ॲडव्हान्स्ड टॅबमधली या तीन कळांची सक्तीच काढून टाकणं. मशीन कंपनीचं असेल तर यातलं काहीही आयटी विभागाला विचारल्याशिवाय करू नका. दुसऱ्या मशीनवरून कळा घेणारं सॉफ्टवेअर कित्येक कंपन्यांत मुळातच चालत नाही आणि त्यामागे सबळ कारणं आहेत.

आता नेटवर्क. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा खरं कारण इथेच सापडतं, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. सर्व्हिस चालू आहे, अधिकार आहेत, परवानगीच्या चौकटीची चाचणीही पास झाली, आणि तरी रीस्टार्टनंतर कर्सर पलीकडे जात नाही, असं झालं की मी आधी वायफायकडे बघतो. वायफायचा पासवर्ड पूर्ण मशीनसाठी साठवलेला असेल तर मशीन चालू होताच ते जोडलं जातं. तो एका माणसाच्या खात्यापुरता साठवलेला असेल, तर त्या माणसाने लॉगिन केल्याशिवाय नेटवर्क नाही. म्हणजे लॉगिनसाठी नेटवर्क हवं आणि नेटवर्कसाठी लॉगिन. उबुंटूमध्ये हे फार वेळा घडतं. तिथे त्या वायफायच्या सेटिंगमध्ये ‘इतर वापरकर्त्यांनाही उपलब्ध’ अशा अर्थाची एक खूण असते. ती लावली की पासवर्ड तुमच्या खाजगी किल्ल्यांच्या जुडग्यातून निघून सिस्टीमकडे जातो आणि प्रश्न सुटतो. कंपनीच्या वायफायवर जिथे प्रत्येकाचं वेगळं नाव-पासवर्ड असतं, तिथे बरेचदा लॉगिननंतरच जोडणी होते आणि त्याला तुमच्या बाजूने इलाज नसतो.

हे तपासणं सोपं आहे. दुसरं मशीन रीस्टार्ट करून लॉगिन स्क्रीनवर सोडा आणि कोपऱ्यातलं नेटवर्कचं चिन्ह बघा. विंडोज दहा-अकरामध्ये ते खाली उजवीकडे दिसतं, उबुंटूत वर उजवीकडे. जोडलेलं दिसत नसेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कितीही डोकं घातलं तरी फरक पडणार नाही. आणि शक्य असेल तर दुसऱ्या मशीनला राउटरपासून सरळ केबल द्या. केबलला पासवर्ड लागत नाही, ती कुणाच्या खात्याची नसते, आणि माउसची हालचालही गुळगुळीत होते. दोन्ही मशीन एकाच टेबलावर असताना वायफायवर माउस धक्के खात सरकतो आणि लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात, हे बघून वाईट वाटतं. एक केबल टाका.

नेटवर्कमधली दुसरी गोष्ट पत्त्याची. क्लायंटला सर्व्हरचा आयपी पत्ता द्यावा लागतो. राउटर तो बदलू शकतो. काल शेवटी पाच होता, आज अकरा. लॉगिन झालेलं असताना तुम्ही तो लगेच दुरुस्त करता, लॉगिन स्क्रीनवर करता येत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पहिल्या मशीनसाठी पत्ता कायमचा राखून ठेवा. बॅरियरमध्ये सर्व्हर आपोआप शोधण्याचा जो पर्याय आहे तो बंद करून हाच पत्ता टाका. फायरवॉलचं म्हणाल तर लक्षात ठेवा, जोडणी क्लायंट सुरू करतो आणि सर्व्हर ऐकत बसतो. म्हणजे २४८०० क्रमांकाचं पोर्ट उघडायचं ते सर्व्हरवर, ज्याला खरा कीबोर्ड लावला आहे त्या मशीनवर. लोक उलटं करतात. सर्व्हरवर विंडोज असेल आणि घरचं नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलं असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर विंडोजसाठी सर्व्हिस म्हणून इन्स्टॉल करा, एलिव्हेट लावा, ठशाला आधीच होकार द्या, केबल जोडा, सर्व्हरचा पत्ता पक्का करा. साध्या घरगुती विंडोज मशीनवर इतकं केलं की लॉगिन स्क्रीनवर कर्सर यायला हवा. आला तर पुढचा लिनक्स आणि मॅकचा भाग सोडा आणि थेट मराठी कीबोर्डच्या परिच्छेदाकडे जा.

लिनक्सवर उत्तर दोन काळांत विभागलेलं आहे. स्क्रीनवर खिडक्या दाखवण्याच्या जुन्या एक्स पद्धतीत लॉगिन स्क्रीन हा एक वेगळा प्रोग्रॅम असतो, तो वेगळ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालतो. तो प्रोग्रॅम लाइटडीएम असेल तर त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ग्रीटर, म्हणजे पासवर्ड मागणारी स्क्रीन, उभा राहताना एखादी स्क्रिप्ट चालवण्याची सोय आहे. त्या स्क्रिप्टमधून क्लायंट सुरू करायचा. आत गेल्यावर तुमच्या सेशनचा क्लायंट वेगळा सुरू होतो, म्हणून त्याआधी पहिला बंद करायला विसरू नका. एकाच नावाचे दोन क्लायंट आले तर सर्व्हर दुसऱ्याला परत पाठवतो आणि तुम्हाला वाटतं की लॉगिन झालं आणि माउस मेला. आणि हो, एक्सवर नुसती लॉक झालेली स्क्रीन बहुतेक वेळा तुमच्याच सेशनमध्ये असते, तिथे काहीही वेगळं न करता पासवर्ड टाकता येतो. अडचण रीस्टार्टनंतरच्या स्क्रीनची.

नवीन वेलँड पद्धतीत कोणत्याही प्रोग्रॅमने मनाला येईल तशा खोट्या कळा दाबणं बंद केलं आहे. आता त्यासाठी लिबईआय नावाची लायब्ररी आणि परवानगी मागणारी एक मधली व्यवस्था आहे. डेस्कफ्लो आणि इनपुट लीप ती वापरतात आणि तुम्ही आत असताना ती चांगली चालते. पण ती परवानगी लॉगिन केलेला माणूस देतो. ग्नोम या उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपच्या लॉगिन स्क्रीनवर ती देणार कोण? लॉगिन स्क्रीन पुन्हा एक्सवर नेण्याचा मार्ग काही वर्षं चालला. ग्नोमची लॉगिन स्क्रीन चालवणाऱ्या जीडीएमच्या सेटिंगमध्ये वेलँड बंद करणारी एक ओळ आहे. पण उबुंटू २५.१० पासून ग्नोमचं एक्सवरचं सेशनच काढून टाकलेलं आहे, त्यामुळे नव्याने मांडणी करणाऱ्याने त्या वाटेवर विसंबू नये. दोन्ही मशीन लिनक्स असतील तर मी आरकेव्हीएम हे सॉफ्टवेअर सुचवतो. ते डेस्कटॉपच्या भानगडीत पडत नाही. रूटच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाराने कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच, एक खोटा कीबोर्ड तयार करतं आणि मशीनला तो खराच वाटतो. सिस्टीमची सर्व्हिस म्हणून लावलं की लॉगिन स्क्रीनवर चालतं, नुसत्या काळ्या टर्मिनलवरही चालतं. त्याला क्लिपबोर्ड नाही, पण आपला प्रश्न क्लिपबोर्डचा नव्हताच.

मॅकबद्दल थोडंच सांगतो. फाइलव्हॉल्ट हे मॅकचं डिस्कचं कुलूप चालू असेल, आणि असायलाच हवं, तर रीस्टार्टनंतर जी पासवर्डची स्क्रीन येते ती डिस्क उघडण्यापूर्वीची असते. तुमचं सॉफ्टवेअर त्याच कुलूपबंद डिस्कमध्ये आहे, ते उठणार कसं? याच कामासाठीचं ॲपलचं युनिव्हर्सल कंट्रोलसुद्धा दोन्हीकडे लॉगिन झाल्यावरचं आहे. उलट बाजूने मॅक सर्व्हर असेल तर एक गोष्ट जाणून घ्या. मॅकवर कुठेतरी पासवर्डची चौकट उघडी राहिली असेल तर मॅकओएस इतर प्रोग्रॅमना कळा ऐकू देत नाही. तेव्हा माउस पलीकडे जातो, क्लिक होतं, पण अक्षरं उमटत नाहीत. ती चौकट बंद केली की टायपिंग सुरू होतं.

आता ज्या गोष्टीमुळे मराठीत काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो ती. कर्सर लॉगिन स्क्रीनवर पोचला, पासवर्ड टाकला, आणि उत्तर आलं की पासवर्ड चूक. पुन्हा टाकला, पुन्हा चूक. डीटीपीच्या एका ऑफिसात तर खातंच काही वेळासाठी बंद पडलं होतं. कारण असं की हे सॉफ्टवेअर फक्त ‘कीबोर्डवरची अमुक जागा दाबली’ इतकंच पाठवत नाही, त्या कळेतून सर्व्हरवर कोणतं अक्षर निघालं तेही पाठवतं, आणि क्लायंट ते अक्षर आपल्या कीबोर्ड-मांडणीत शोधतो. पहिल्या मशीनवर मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी चालू असेल तर ‘के’च्या कळेतून ‘क’ निघतो. दुसऱ्या मशीनच्या लॉगिन स्क्रीनवर फक्त इंग्रजी मांडणी असेल तर तिथे ‘क’ मिळत नाही. मग एकतर काहीच उमटत नाही, नाहीतर भलतंच उमटतं. उलटही होतं. सर्व्हर इंग्रजीत आहे, पण दुसऱ्या मशीनच्या लॉगिन स्क्रीनवर मराठी मांडणी निवडलेली आहे.

म्हणून कर्सर पलीकडे नेण्याआधी पहिल्या मशीनवर इंग्रजी लावा, मगच कड ओलांडा. दुसऱ्या मशीनच्या लॉगिन स्क्रीनवर भाषेचं चिन्ह दिसतं, ते क्लिक करून इंग्रजी आहे का ते बघा. दोन्हीकडे इंग्रजीचा प्रकारही एकच ठेवा. एकीकडे अमेरिकन आणि दुसरीकडे ब्रिटिश असेल तर ‘ॲट’च्या चिन्हाची आणि अवतरणचिन्हाची जागा अदलाबदल होते, आणि पासवर्डात ‘ॲट’ नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. विंडोजमध्ये पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असतं, आजूबाजूला कुणी नसेल तर ते दाबून नेमकं काय उमटलं ते एकदा बघून घ्या. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते बरं. विंडोजचा आकडी पिन वापरत असाल तर मांडणीचा हा घोळ बराच कमी होतो, फक्त उजवीकडच्या आकड्यांनी टाकत असाल तर नम लॉककडे लक्ष ठेवा. कॅप्स लॉक आणि नम लॉक या दोन कळांची अवस्था दोन मशीनांत वेगवेगळी राहू शकते. शंका आली तर वरच्या ओळीतले आकडे वापरा.

आणि तुम्ही इथे जे पाठवताय ते साधं टायपिंग नाही, तुमचा पासवर्ड एका मशीनमधून दुसऱ्यात नेटवर्कवरून जातो आहे. म्हणून एन्क्रिप्शन, सेटिंगमध्ये जे एसएसएल नावाने दिसतं ते, चालूच हवं. लॉगिन जमत नाही म्हणून कुणीतरी ‘एसएसएल बंद करून बघा’ असं सांगेल, तो सल्ला घेऊ नका. जोडणी अडत असेल तर ती बहुतेक वेळा ठशाला होकार न दिल्यामुळे अडते, तो द्या. बॅरियरबद्दलही स्पष्ट सांगतो, ते आता बदला. सिनर्जी क्रिस शोनमन यांनी २००१ मध्ये सुरू केलं, बॅरियर ही त्याचीच एक शाखा. सुरक्षेच्या काही त्रुटी २०२१ मध्ये दुरुस्त झाल्या, पण पुढे काम थांबलं. त्याच लोकांपैकी काहींनी इनपुट लीप सुरू केलं, आणि सिनर्जीचा मुक्त भाग २०२४ पासून डेस्कफ्लो या नावाने पुढे चालू आहे. मी नवीन मशीनवर डेस्कफ्लो टाकतो. टाकण्यापूर्वी बॅरियर पूर्ण काढा, कारण दोन्ही २४८०० हेच पोर्ट मागतात. दोन्ही मशीनवर एकच सॉफ्टवेअर आणि एकच आवृत्ती ठेवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. पासवर्ड का काढू नये? ज्या मशीनवर तुमचा ब्राउझर आहे, त्यात मेल उघडी आहे, साठवलेले पासवर्ड आहेत, कदाचित आयकराची आणि बँकेची कागदपत्रं आहेत, ते मशीन बटण दाबताच कुणालाही आत घेईल. घरी दुरुस्तीला येणारा माणूस, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या टेबलाजवळून जाणारा कुणीही, लॅपटॉप असेल तर तो चोरणारा. शिवाय पासवर्ड नसलेल्या खात्याने नेटवर्कवरून आत येणं विंडोज मुळातच नाकारतं, त्यामुळे दोन मशीनांत फोल्डर शेअर करत असाल तर ते त्याच दिवशी बंद पडेल.

दुसरं मशीन फक्त गाणी किंवा टीव्हीसाठी असेल, त्यात खाजगी काही नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथेही पासवर्ड ठेवून आपोआप लॉगिन लावा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समध्ये ऑटोलॉगऑन नावाचं छोटं साधन आहे, ते पासवर्ड उघडा न ठेवता सिस्टीमच्या राखीव भागात ठेवतं. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेला जाणकार माणूस तो काढू शकतो, हे मात्र ध्यानात असू द्या. लिनक्सवर एक्स असेल तर आपोआप लॉगिन करून लगेच स्क्रीन लॉक करणं हा मधला मार्ग आहे. तुमचा क्लायंट तोवर चालू झालेला असतो आणि लॉक उघडायला उसना कीबोर्ड चालतो. फक्त किल्ल्यांचं जुडगं बंदच राहतं, ते एकदा पासवर्ड मागेल.

शेवटी, काही जागा अशा आहेत जिथे कोणतंही सॉफ्टवेअर पोचणार नाही. बायोसची स्क्रीन, विंडोजच्या बिटलॉकर या डिस्क-कुलपाचा चालू होतानाचा पिन, लिनक्सच्या एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचा सांकेतिक शब्द, फाइलव्हॉल्ट. तिथे ऑपरेटिंग सिस्टीमच अजून उठलेली नसते. तुमचं मशीन यातलं काही मागत असेल तर त्याला खरा कीबोर्ड लागणारच आणि त्यासाठी डिस्कचं एन्क्रिप्शन काढणं हा पर्याय नाही. अशा ठिकाणी मी लोकांना दोनपैकी एक घ्यायला सांगतो. एक म्हणजे यूएसबीचा साधा केव्हीएम स्विच, बटण दाबलं की कीबोर्ड-माउस प्रत्यक्ष दुसऱ्या मशीनला जोडले जातात. नाहीतर दोन-तीन मशीनांसाठी बदलबटणं असलेला वायरलेस कीबोर्ड. तो घेताना छोटा यूएसबी रिसीव्हर मिळतो का ते बघा आणि दुसऱ्या मशीनला रिसीव्हरच लावा. रिसीव्हर मशीनला सरळ यूएसबी कीबोर्ड म्हणून दिसतो, त्यामुळे बायोसमध्येही चालतो. नुसत्या ब्लूटूथचा तिथे भरवसा नाही. रोजचं काम सॉफ्टवेअरने करा, चालू होतानाचा पासवर्ड स्विचने.

तुम्ही आधी परवानगीच्या चौकटीची चाचणी करा आणि लॉगिन स्क्रीनवरचं नेटवर्कचं चिन्ह बघा. त्या दोन्हीत काय दिसलं आणि दुसऱ्या मशीनवर कोणती सिस्टीम आहे एवढं लिहिलंत, तर पुढचं नेमकं सांगता येईल.